भोंग्याचा रिलीव्हर

देवीदास रामटेके यांच्या मते भिलाईत आरपार पाहू शकणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. एक, रुळांतल्या भेगा शोधणारं प्लांटमधलं यंत्र. आणि दुसरे, स्वतः देवीदास रामटेके. पैकी यंत्राच्या हातून कधीमधी चूक होई.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रूळ तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर समोरचे रूळ गेले, पण भेगा शोधायची खोड राहिली. मग त्यांनी माणसांत भेगा शोधायला सुरुवात केली आणि या उद्योगाला गुप्तहेरी असं नाव दिलं. वैशाली नगरातल्या घराच्या फाटकावर पाटी लागली: ‘देवीदास रामटेके, गुप्तहेर. ओळख गुप्त ठेवली जाईल.’ अक्षरं वीतभर उंच होती, म्हणजे गुप्त ठेवायची ती ओळख स्वतःची नसावी.

गुप्तहेराला सहायक लागतो, म्हणून त्यांनी आपली भाची संघमित्रा हिला नेमलं. ती प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन पुढच्या परीक्षेच्या तयारीसाठी मामांकडे राहायला आली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. पगाराऐवजी तिला अनुभव मिळे, आणि तो आतापर्यंत इतका मिळाला होता की थोडा परत करायची तिची इच्छा होती.

मामांच्या आरपार नजरेतून घरातली एकच व्यक्ती सुटली होती: हिरामामी. रोज न्याहारीनंतर त्यांची एक लहानशी उलटतपासणी चाले.

“बीपीची गोळी घेतली?”

“घेतली.”

“पाकीट दाखवा.”

“हिरा, तुले माह्या शब्दावर भरोसा नाई?”

“शब्दानं बीपी उतरत असतं, तर तुमचं केव्हाचंच उतरलं असतं. पाकीट दाखवा.”

पाकिटात गोळी तशीच असे. मामा ती गिळत आणि म्हणत, “मी तुही परीक्षा घेऊन राहिलो होतो.”

अशाच एका मे महिन्यातल्या सकाळी शालू गजभिये स्कूटीवरून आल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या, नाइट करून थेट इकडे आल्या होत्या.

“जय भीम, देवीदासभाऊ. आमच्या कुत्र्यानं घर खाल्लं.”

“पूर्ण?” मामांनी विचारलं. धंद्यात नेमकेपणा लागतो.

पूर्ण नव्हतं, पण सुरुवात चांगली झाली होती. गजभियांचा कुत्रा भोंगा. प्लांटचा भोंगा वाजला की हाही सूर लावायचा, म्हणून हे नाव. वर्षभर शहाण्यासारखा राहिला, आणि उन्हाळा लागल्यापासून त्याने सोफा, मच्छरदाणी, टीव्हीचा रिमोट आणि नवऱ्याचा एक सेफ्टी शूज अशी चढती कामगिरी केली होती. शालूताईंचे पती राजदीप यांनी शेवटी निकाल दिला होता. रविवारी राजनांदगावहून साडूची गाडी येणार आणि भोंगा त्यांच्या पोल्ट्रीवर राखणीला जाणार.

“तिथं जनमभर साखळीवर बांधून ठेवतेत, भाऊ,” शालूताई म्हणाल्या. “अन् आमचा रोशन म्हणते, भोंगा गेला तर मी रेल्वेच्या रनिंग रूममध्येच, ड्रायव्हरलोकांच्या मुक्कामाच्या खोलीतच राहीन, घरी पाय ठेवणार नाई. पोरगं तसंही कुठं दिसते आता! कुत्र्यासाठी तरी घरी येते.”

मामा उठले, डोक्यावर टोपी चढवली. “मित्रा, भिंग घे.”

“मामा, कुत्रा दिसतो नुसत्या डोळ्यांनी.”

“कुत्रा दिसते. हेतू दिसत नाई.”

सेक्टर सहामधलं गजभियांचं क्वार्टर कोणीतरी हलवून खाली ठेवल्यासारखं दिसत होतं. सोफ्याच्या पोटातला कापूस पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर फिरत होता. खिडकीतल्या कूलरचा स्टँड मोडलेला असावा, कारण तो एका रुंद निळ्या पट्ट्याने गजांना आवळून बांधलेला होता. मामांनी त्या पट्ट्यात आपली टोपी अडकवली आणि कामाला लागले.

रूळ तपासायची त्यांची जुनी पद्धत होती, ठोकायचं आणि ऐकायचं. त्यांनी खिशातलं नाणं काढून दार ठोकलं, भिंत ठोकली, कपाट ठोकलं आणि प्रत्येकाला कान लावला. मग कोपऱ्यात बसलेल्या भोंग्याचं पोट ठोकून त्यालाही कान लावला. भोंग्याने त्यांचा दुसरा कान चाटला.

“आतून भरीव आहे,” मामा म्हणाले.

तेवढं निदान मात्र बरोबर होतं. कुत्रा चांगलाच गुबगुबीत होता.

“साक्षीदारांची जबानी वेगवेगळी घ्या लागते,” मामांनी जाहीर केलं. “एकत्र घेतली का ते एकमेकांचं पाहून बोलतेत.” यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. राजदीप प्लांटमध्ये शिफ्ट ड्युटीला, शालूताई दवाखान्यात शिफ्ट ड्युटीला, आणि रोशन यंदा उन्हाळ्याच्या तोंडावरच रेल्वेत इंजिनावर असिस्टंट लागलेला. त्याला तर कॉल येईल तेव्हा दुर्गला पळावं लागे. घराला तीन किल्ल्या होत्या आणि तिघांची गाठ बहुधा फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतूनच पडे.

मामांनी तिघांना तीन वेगळ्या दिवशी गाठलं. प्रश्न तेच.

“कुत्र्याले खायाले?”

“देतो नं,” राजदीप म्हणाले. “शिफ्टवरून आलो का पहिले त्याले पोळी, मंग मले.”

“फिरायले?”

“जाते नं रोज.”

शालूताई म्हणाल्या, “ड्युटीवरून आली का दूधभात देते. तो फिराले जाते नं, रोजच.” रोशन म्हणाला, “अंडं देतो मामा, उबला हुआ. घुमायला? हाव, रोज जाता है.”

“तिघांचे जबाब जुळतेत,” मामांनी मिशीला पीळ दिला. “म्हणजे हा धागा बाद.”

संघमित्राला एवढं कळलं की कुत्रा तीन घरांचं जेवतो. तिने ते मामांना सांगितलं. मामा म्हणाले, “तू प्राण्याचं पोट पायतं, मी प्राण्याचं मन पायतो.”

मनाचा पहिला सिद्धांत असा होता. भोंग्याने रोशनच्या बॅगेतला हिरवा झेंडा खाल्ला होता, लाल तसाच ठेवला होता. शिवाय उपद्रव रोशन नोकरीला लागल्यापासूनच सुरू झाला होता.

“हिरवा म्हणजे गाडी जाऊ द्या. लाल म्हणजे थांबवा. याचा सरळ अर्थ, हा कुत्रा रेल्वेविरोधी आहे.”

“मामा, लाल झेंडा वरच्या खणात होता. त्याचं तोंड पोचलं नसेल.”

“पोचलं असतं तरी खाल्ला नसता.” संघमित्राने लाल झेंडा आणखी एक खण वर सरकवला.

दुसऱ्या सिद्धांतात शेजारचे भय्याजी आरोपी ठरले. भोंग्याच्या भुंकण्याची तक्रार त्यांनी दोनदा केली होती, म्हणजे हेतू होता. भिंत एकच होती, म्हणजे संधी होती. मामांनी त्यांना फाटकातच अडवलं.

“अरे रामटेकेजी, मोर का कसूर हे?” भय्याजी कळवळले. “मोला तो खुद नींद नइ आवत हे!”

“ऐकलं, मित्रा? झोप येत नाई म्हणते. झोप न येणारा माणूस रात्रभर काय करते?”

“कूस बदलतो.”

“कट करते.”

भय्याजींनी चहा पाजला तेव्हा तो सिद्धांत मागे पडला. चहात आलं होतं, आणि मामांच्या अनुभवानुसार आलं घालणारा माणूस कट करत नाही.

संघमित्राचाही एक सिद्धांत होता, आणि तो तिला मामांच्यापेक्षा फार वरच्या दर्जाचा वाटत होता. रोशन आधी दिवसभर घरी अभ्यास करत असे, आता नसतो. म्हणजे कुत्रा विरहाने झुरतो आहे. पुस्तकातही असंच दिलं होतं. उपाय म्हणून तिने रोशनचा न धुतलेला टी-शर्ट भोंग्याजवळ ठेवायला सांगितला, म्हणजे ओळखीच्या वासाने तो शांत होईल. भोंगा शांत झाला. त्याने टी-शर्ट शांतपणे खाल्ला.

त्यानंतर तिने मामांना हसणं दोन दिवस बंद ठेवलं.

शनिवारी मामांचा तिसरा सिद्धांत आला, आणि तो महागात पडला. “कुत्रा सोफाच काहून फाडते? कारण सोफ्यात काहीतरी आहे. माल! आधीच्या भाडेकऱ्यानं लपवला असन.”

“भाऊ, सोफा आमचाच आहे,” शालूताई म्हणाल्या. “सिविक सेंटरमधून आम्हीच घेतला.”

“चोराले हेच पाहिजे असते, शालूबाई. तुमाले सोफा तुमचाच वाटला पाहिजे.”

मामांनी चाकू घेतला. भोंग्याला उन्हाळाभर जे जमलं नव्हतं ते त्यांनी अर्ध्या तासात केलं. सोफ्यातून स्प्रिंगा, एक कंगवा आणि रोशनची हरवलेली दहावीची पट्टी निघाली. भोंगा समोर बसून शेपटी हलवत पाहत राहिला. एवढ्या दिवसांत त्याला प्रथमच कोणीतरी समजून घेणारं भेटलं होतं.

रविवार उजाडला. राजदीपना साप्ताहिक सुटी, शालूताईंची सुटी, रोशनला विश्रांती. कित्येक महिन्यांनी तिघं एकाच वेळी घरात उभे होते. बाहेर पोल्ट्रीची गाडी येऊन थांबली होती, मागे रिकाम्या जाळ्या. रोशन भोंग्याच्या गळ्यात हात घालून जमिनीवर बसला होता आणि कोणाकडे पाहत नव्हता.

“भाऊ, मिळालं काही?” शालूताईंनी विचारलं.

“तपास नाजूक वळणावर आहे,” मामा म्हणाले. म्हणजे काही नाही.

राजदीपनी मान फिरवली. “मले का हौस आहे? पण दुसरा सेफ्टी शूज गेला तर मी गेटवर चप्पल घालून जाऊ का?”

एवढ्यात हिरामामी आल्या. भोंग्यासाठी नाही, मामा बीपीची गोळी विसरून आले होते. त्यांनी मामांच्या हातावर गोळी ठेवली, ती पोटात गेल्याचं त्यांना तोंड उघडायला लावून पाहिलं, आणि मग कुत्र्याकडे पाहिलं.

“काय वो, केवढा फुगला! याले फिरवतेत नं?”

“हाव, रोज,” तिघं एकदम म्हणाले.

“कोण नेते?”

राजदीपनी शालूताईंकडे पाहिलं. शालूताईंनी रोशनकडे पाहिलं. रोशनने बापाकडे पाहिलं. नजरांचा गोल पूर्ण झाला.

मामींना अशा नजरांची घरीच सवय होती. “पट्टा दाखवा,” त्या म्हणाल्या.

पट्टा शोधायला तिघं तीन खोल्यांत धावले. “तुझ्याजवळ असन.” “तुमी ठेवला असन.” शेवटी संघमित्राचं लक्ष मामांच्या टोपीकडे गेलं. टोपी रोजच्यासारखी कूलरच्या निळ्या पट्ट्यात अडकवलेली होती, आणि पट्ट्याच्या टोकाला लोंबत होती कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवायची कडी. कूलरच्या खारट पाण्याने गाठीवर पांढरा थर धरला होता. ती गाठ उन्हाळा लागल्यापासून सुटलेली नव्हती.

संघमित्रा रोज या कूलरसमोर उभी राहून घाम वाळवत होती. पुस्तकातल्या विरहाचा विचार करत.

“कूलर मीच बांधला,” राजदीप हळू आवाजात म्हणाले. “स्टँड तुटला होता. वाटलं, रोशननं नवा पट्टा घेतला असन.”

“पण बाबा, मी जॉइन झालो तेव्हाच आईला सांगितलं ना, अब तू ले जा भोंगा को! आई हाव म्हणाली!”

“कधी सांगतलं?”

“तू नाइट करून आली होती, तेव्हा. पलंगावर.”

“मी झोपली होती रे बाबू! झोपेत तर मी पेशंटलेही हाव म्हणते.”

राजदीपच्या चेहऱ्यावर आता खरा राग आला, आणि तो कुत्र्यावर नव्हता. प्लांटमध्ये एक नियम हाडीमाशी भिनलेला असतो: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही.

“रिलीव्हर आला नाई अन् तू ड्युटी सोडली बे?”

रोशनने मान खाली घातली.

एकूण हिशेब सरळ होता. भोंगा जेवत होता तीन शिफ्टचं आणि चालत होता एकाही शिफ्टचं नाही. बाकीचे विधी मागच्या अंगणात उरकत असल्याने कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. जवान कुत्र्याच्या अंगातली सगळी ताकद सोफ्यात जिरत होती.

“आरोपीले बांधा!” मामांना आता काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी पुढे होऊन पट्ट्याची गाठ सोडली. गाठ सुटली तसा कूलरही सुटला आणि पाण्यासकट मामांच्या पायांवर आला. भोंग्याने पट्टा तोंडात धरला, खोलीत गोल गोल धावला आणि दाराशी जाऊन बसला. शेपटी जमिनीवर आपटत होती.

रोशन त्याला घेऊन गेला. तळपत्या उन्हात अर्धा सेक्टर पालथा घालून दोघं आले, तेव्हा जीभ दोघांचीही बाहेर होती. भोंगा ओल्या फरशीवर आडवा झाला आणि घोरू लागला. राजदीपनी आपला उरलेला सेफ्टी शूज त्याच्या नाकासमोर ठेवून पाहिला. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

“गाडीवाल्याले सांग,” राजदीप शालूताईंना म्हणाले, “काम नाई म्हणावं.”

पण गाडी रिकामी गेली नाही. मामांनी उघडलेला सोफा घेऊन गेली.

“मी पयल्याच दिवशी त्या पट्ट्याले टोपी लावून निशाणी केली होती,” मामांनी जाताना सर्वांच्या लक्षात आणून दिलं. “तुमी लोकं निशाणी ओळखाले वेळ लावता.”

सकाळची आणि रात्रीची फेरी घरच्यांनी वाटून घेतली. संध्याकाळची उरली, कारण तेव्हा तिघांपैकी कोण ड्युटीवर असेल याचा नेम नव्हता. शिफ्ट नसलेला, तगडा निवृत्तिवेतनधारी असा माणूस पाहण्यातला एकच होता. हिरामामींनी त्याच्या वतीने हाव म्हटलं, तेही पूर्ण जागेपणी.

आता रोज संध्याकाळी सेक्टर सहाच्या रस्त्यावर पुढे भोंगा आणि मागे निळ्या पट्ट्याला लटकलेले मामा दिसतात. भय्याजी फाटकातून विचारतात, “का जासूसी चलत हे, रामटेकेजी?” मामा धावता धावता ओठांवर बोट ठेवतात. “पाळत! संशयितावर पाळत ठेवून राहिलो!”

परवा ते घरी आले तेव्हा मामींनी विचारलं, “नेलं होतं फिरवाले?”

“नेलं होतं.”

संघमित्राने पुस्तकातून मान वर केली. आता मामी पुरावा मागणार. पण या वेळी त्यांनी काहीच मागितलं नाही. त्या आत जाऊन हळदीची डबी घेऊन आल्या. पुरावा मामांच्या खरचटलेल्या दोन्ही गुडघ्यांवर होता.