आवाज तेवढा राह्यला

वानखेडे सर कोणाच्याही घरी गेले की दारात चपला काढतात आणि आत येऊन लॅपटॉपचा स्क्रू. पाणीबिणी नंतर. म्हणून भोकरदनच्या आमच्या गल्लीत ते येताना दिसले की लोक लॅपटॉप उशीखाली सारतात.

सर गणिताचे. रिटायर झाल्यावर लोक शेतात रमतात, वधूवर मेळावे भरवतात. सरांनी लिनक्स धरलं. शाळकरी पोरांसाठी निघालेले स्वस्त लॅपटॉप, कंपनीने जुने ठरवून वाऱ्यावर सोडलेले, ते गोळा करायचे. कंपनीने कुलूप म्हणून बसवलेला एक बारका स्क्रू काढायचा. मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा जो प्रोग्रॅम, फर्मवेअर, तोच बदलून खुला, फुकटातला बसवायचा आणि त्यावर हलकंफुलकं लिनक्स. काढलेला स्क्रू ते परत लावत नाहीत. सुपारीच्या डबीत ठेवतात आणि पाहुण्यांना डबी वाजवून दाखवतात.

"मशीन तुमची, अन् मालक कंपनी? हे बराबर हाय का?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आपण मान डोलावली की फसलो. एका लग्नात त्यांनी हे वाढप्याला ऐकवलं. तो बिचारा बुंदीचं भांडं धरून उभा आणि पुढची पंगत ताटकळलेली.

मीही फसलो. नात बंगळुरूला, दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. मोबाईलवर आमच्या मंडळींना नीट दिसत नाही, म्हणून मुलाने असलाच एक स्वस्तातला लॅपटॉप दिलेला. तो रडतखडत चालायचा. सरांनी एका बैठकीत असा पळता केला की मी तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाले, "आवाज तेवढा राह्यला. नव्या फर्मवेअरला स्पीकर सापडून न्हाई राह्यला. उद्या या, बसवतो."

उद्या गेलो. चहा झाला, फर्मवेअर झालं, आवाज नाही झाला. परवाही तेच. चौकशी केली तर सरांच्या हातून गेलेला गल्लीतला प्रत्येक लॅपटॉप मुका. मेडिकलवाला, तलाठी, सगळे संध्याकाळी आवाजासाठी सरांच्या दारात. माझा लॅपटॉपही रविवार सोडून तिकडेच मुक्कामाला. रविवारी पडद्यावर नात तोंड हलवायची, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि कॉल संपला की मोबाईलवरून विचारायचो, काय म्हणालीस गं? एकदा ती भोकाड पसरून रडत होती आणि आम्ही दोघं गाणं समजून टाळ्या वाजवत होतो. आता मंडळींनी राजूरच्या गणपतीला नवस बोलायचा तेवढा बाकी होता. त्या माणसाला यातलं काही येत नाही, असा निकाल मी चार लोकांत देऊन टाकला.

एका दुपारी लॅपटॉप कायमचा परत आणायलाच गेलो. दार उघडं होतं. आतून खणखणीत बातम्या ऐकू येत होत्या, माझ्याच लॅपटॉपवरून. सर त्या बातम्या सांगणाऱ्याशी वाद घालत बसले होते. मला पाहताच त्यांचा हात पुढे गेला आणि आवाज बंद झाला.

"आत्ता आल्ता थोडा," म्हणाले. "पुन्हा गेला."

चांगलं झाडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओट्याकडे लक्ष गेलं. कप धुऊन पालथे मांडून ठेवलेले होते, संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाचा एक. सरांच्या बाई सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, त्या नातू शाळेत जायला लागला तरी परतल्या नव्हत्या.

"सर," मी म्हटलं, "नात गाणं म्हणते. ऐकायचंय हो."

सरांनी एक बटण दाबलं आणि बातम्या पुन्हा सुरू झाल्या. "घ्या. झाला बराबर." मग चार्जरची वायर गुंडाळत म्हणाले, "मंग आता तुमचं येणं काही व्हायचं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. रागही होताच, तो कुठे ठेवावा ते कळेना.

"यावर मराठी टाइप होत न्हाई," मी म्हटलं. पहिल्या दिवसापासून होत होतं. त्यांनीच माझ्यासमोर माझं नाव लिहून दाखवलं होतं.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते मोठं काम हाय. जल्दी न्हाई व्हायचं," म्हणाले आणि उठून एक कप सुलटा केला.