क्लचबाईंची उमेदवारी

"मत तुम्हालाच देऊ बाई, पण कागदावर नाव नको," असं गल्लीतल्या प्रत्येकानं सांगितलं, आणि क्लचबाई कोरा अर्ज घेऊन घरी परतल्या. नगरपालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं तर प्रभागातल्या दहा मतदारांच्या सह्या लागत होत्या. उद्या दुपारी तीनला मुदत संपत होती.

क्लचबाई ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. बावीस वर्षं शेजारच्या सीटवरून "क्लच! अहो, क्लच!" असं ओरडून हे नाव त्यांना चिकटलं होतं. शाळेसमोरच्या चौकात गतिरोधक हवा म्हणून त्यांनी नगरपालिकेत नऊ अर्ज दिले. शेवटी तिथले साहेब म्हणाले, "त्यापेक्षा निवडूनच या ना!" साहेबांनी चेष्टा केली होती. बाईंनी ती मनावर घेतली.

त्यांच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस सोन्यासारखा, पण 'नाही' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघत नसे. त्या संध्याकाळी सत्तेतल्या पक्षाच्या अध्यक्षांचा दुकानात फोन आला. "वहिनींना आमच्याकडून उभं करू. उद्या अकराला येतो."

"या ना, या!" चष्मेवाले म्हणाले.

तासाभरानं विरोधी पक्षाच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांनाही चष्मेवाल्यांनी "या ना, या!" म्हटलं, आणि बाराला दुकान उघडायचं असतं म्हणून वेळही अकराचीच दिली. घरी बायकोला सांगायचं धाडस काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सत्ताधारी पंधरा माणसं आणि एक भला मोठा पुष्पगुच्छ घेऊन बैठकीत बसले. तेवढ्यात मागच्या दारी विरोधक दिसले. चष्मेवाल्यांनी त्यांना घाईघाईनं स्वयंपाकघरात घेतलं आणि मधलं दार ओढून घेतलं. बाई अंगणात गाडीचं ऑइल तपासत होत्या. सासूबाई ओट्याशी चहा करत होत्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं आधणात पाणी वाढवलं.

"बाईंचा विजय असो!" बैठकीत घोषणा झाली.

"विजय असो!" स्वयंपाकघरातून आलं.

अध्यक्षांनी कान टवकारले. "आवाज घुमतो का हो तुमच्या घरात?"

"घुमतो ना! सामान कमी आहे," चष्मेवाले घाम पुसत म्हणाले.

हेही निभावलं असतं. पण सासूबाईंनी जवळ उभ्या असलेल्या एका दाढीवाल्या कार्यकर्त्याच्या हातात ट्रे दिला. तो बिचारा भला माणूस. छातीवर विरोधी पक्षाचा बिल्ला लावून तो चहाचा ट्रे घेऊन थेट सत्ताधाऱ्यांच्या पुढ्यात उभा राहिला.

मग जो गोंधळ उडाला, तो ऐकून अख्खी गल्ली फाटकाशी जमली. क्लचबाई हात पुसत आत आल्या. दोन्ही अध्यक्ष एकदमच बोलू लागले. दोघंही गाडी त्यांच्याकडेच शिकले होते, त्यामुळे बाईंनी नुसता हात वर केला तसे गप्प झाले.

"चौकातला गतिरोधक कधी होईल?"

"वरून विचारावं लागेल," एक म्हणाले.

"आम्हालाही," दुसऱ्यांनी कबूल केलं.

"वरच्यांनी तो चौक बघितलाय?"

दोघंही पुष्पगुच्छाकडे बघू लागले.

"मग मी आपली एकटीच बरी."

"अपक्षाला कोण विचारतं, बाई? दहा सह्या तरी मिळवून दाखवा!" असं म्हणून दोन्ही पक्ष, एकाच मताचे होऊन, एकाच दारानं बाहेर पडले.

साडेबारा वाजले होते. सासूबाईंनी सही केली, चष्मेवाल्यांनीही केली. पुढं कोण, ते कुणालाच सुचेना. बाई प्रथमच खुर्चीत बसल्या. "सांगून टाका सगळ्यांना, नाही जमलं म्हणून," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. दाढीवाला आत आला. "बाई, सही कुठं करायची? माझी मुलगी त्याच शाळेत जाते."

"अहो, पण तुमचा पक्ष?"

"पक्षाला कुठं रोज तो चौक ओलांडायचाय?"

तो वाकून सही करतोय तोच सत्तेतल्या पक्षाची एक कार्यकर्ती दाराशी आली. दोघं एकमेकांना बघून दचकले, मग हसले. तिनंही सही केली. पक्षवालेच सह्या करताहेत म्हटल्यावर फाटकाशी जमलेल्यांची भीड चेपली. रांग लागली.

पावणेतीनला क्लचबाई निवडणूक कचेरीच्या खिडकीशी पोचल्या. मागं सगळी वरात. कारकुनानं कागद पाहिला. "तेवीस? दहाच लागतात. तेरा नावं खोडा."

"माझं नको हं खोडू!" "माझं तर तिसऱ्या नंबरला आहे!" "मी दुकान बंद करून आलोय!" काल नाव द्यायला घाबरणारी माणसं आता नाव राहावं म्हणून भांडू लागली. तीनला पाच मिनिटं राहिली.

बाईंनी पेन उचललं आणि पहिल्या दोन नावांवर सरळ रेघ मारली.

"अगं, आम्हालाच?" चष्मेवाले कळवळले.

"घरच्यांनाच आधी?" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"हो आई," पुढच्या नावाकडे वळत क्लचबाई म्हणाल्या, "घरच्यांपासूनच सुरुवात करते."

कारकुनानं चष्मा काढला, बाईंकडे नीट बघितलं आणि शिक्का शाईवर दाबत म्हणाला, "बाई, आपला प्रभाग कोणता म्हणालात? नाही, मला घर बदलायचंच आहे."