तोंडात टाचण्या

सोमवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर शिवणताईंनी डबीतून सहा टाचण्या निवडून घेतल्या आणि ओठांत धरल्या. मशीनवर कापड नव्हतं, समोर गिऱ्हाईक नव्हतं. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. त्याने मान वर केली.

"शिवायला काही घेतलं नाहीस, मग टाचण्या कशाला?"

ताईंनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "कपड्यासाठी नाहीत त्या. तोंडासाठी आहेत."

"गिळशील एखादी."

"गिळीन. पण बोलणार नाही."

नवरा पुन्हा घड्याळात शिरला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या बोलण्यात त्याचा दिवसाचा शब्दसाठा बहुतेक संपत असे.

ताईंचा हात शिवणात जितका सफाईदार, तितकीच जीभ बोलण्यात. एकाच्या गळ्याचं माप घेता घेता त्या गळ्यातली गोष्ट काढून घेत आणि दुसऱ्याच्या बाहीचं माप घेताना ती सांगून टाकत. त्यात वाईट हेतू कणभरही नसे. पोटात काही राहायचंच नाही, एवढंच. चर्चच्या मंडळीत त्यांना पाठीमागे 'रेडिओ' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण गेल्या महिन्यात दवाखान्यातली नर्स आपला लग्नाचा झगा आईला दाखवायला घरी घेऊन गेली आणि ताईंनी त्यावरून लग्न मोडल्याचं अनुमान काढलं. अनुमान संध्याकाळपर्यंत नवरदेवाच्या घरी पोहोचलं. लग्न खरोखरच मोडता मोडता राहिलं. नर्स पुन्हा दुकानात आली, उरलेलं कापड तिने उचललं आणि म्हणाली, "ताई, तुमच्यावर राग नाही माझा. पण यापुढे मापं मी दुसरीकडे देईन." ती भांडली असती तर ताईंना इतकं लागलं नसतं.

त्यात काल रविवारी पाळकांनी नेमका जिभेवर उपदेश केला. ठिणगी एवढीशी असते, पण अख्खं रान पेटवते, जीभ तशीच. मोहाशी वाद घालू नका, त्याला दारातच अडवा. आणि स्तोत्रकर्त्याने देवाकडे काय मागितलं, तर माझ्या तोंडावर पहारेकरी बसव. तिसऱ्या बाकावर बसलेल्या ताईंना वाटलं, पाळक आज एकट्या आपल्यालाच बघून बोलताहेत. त्यांनी तिथेच मनात शपथ घेतली. आठवडाभर, माघारी असलेल्या माणसाबद्दल एक शब्द नाही. देव पहारेकरी बसवेलच, पण त्याच्या हातात काहीतरी हत्यार नको का? म्हणून टाचण्या.

सोमवारचे पहिले दोन तास छान गेले, कारण कुणी आलंच नाही. मग पाळकबाई आल्या. पाळकांची बायको ही मोजकं बोलणारी बाई; आज हातात मोठं गाठोडं होतं आणि चेहरा पडलेला.

"ताई, बाहेरच्या खोलीचे पडदे आहेत. खालून वीतभर कापून नवी दुमड घालायची. आणि हे कुणाला सांगू नका हं."

ताईंनी गाठोडं सोडलं. पडद्याची खालची कड कोळसा झाली होती. त्यांनी नुसतं बघितलं. विचारलं काहीच नाही, पण पाळकबाईंना सांगितल्यावाचून राहवेना.

"शनिवारी हे उपदेशाची तयारी करत होते. ठिणगी रान कशी पेटवते ते दाखवायला हातात मेणबत्ती. हात असा फिरवला, आणि पडदा! मी बादली घेऊन धावले म्हणून बरं. लोकांना कळलं तर पुढची दहा वर्षं हसतील. वचन द्या मला."

ताईंनी वचन दिलं. पाळकबाई लगेच बहिणीकडे गेल्या, शनिवारी परतणार होत्या.

त्या गेल्या आणि ताईंची परीक्षा सुरू झाली. अशी बातमी आयुष्यात एखाद्या वेळीच हाती येते. जिभेच्या आगीवर उपदेश तयार करताना पाळकांनी स्वतःचं घर पेटवलं! हे वाक्य ताईंच्या तोंडात आपोआप तयार झालं, घोळलं, दाताशी आलं. त्यांनी घाईघाईने टाचण्या आत सारल्या आणि मशीन जोरात चालवलं.

दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका स्कर्टची कंबर सैल करायला आल्या. त्यांची नजर शाळेत पाच वर्गांवर एकदम फिरायची सवय असलेली. ती पडद्यांवर थांबली; जळकी कड ताईंनी तोवर कापून टाकली होती.

"हे पाळकांच्या घरचे ना? निळ्या फुलांचे?"

"म्म्," ताई म्हणाल्या. तोंडात टाचण्या असताना दुसरं काही म्हणता येत नाही.

"अख्खे काढले? नवीन घराच्या खिडक्यांच्या मापाने करायचेत की काय?" आणि मग आवाज एकदम खाली आणून, "बदली झाली का त्यांची?"

ताईंनी जोरात मान हलवली. पण त्या मुख्याध्यापिकांच्या कमरेशी वाकल्या होत्या आणि वरून पाहणाऱ्याला ती मान हलतेय की थरथरतेय हे कळणं कठीण होतं.

"रडताय तुम्ही," मुख्याध्यापिका हळुवारपणे म्हणाल्या. "राहू द्या. तुमच्या तोंडून एक शब्द निघत नाही म्हणजे मी काय ते समजले."

ताईंनी टाचण्या काढेपर्यंत त्या अर्ध्या रस्त्यात होत्या, मापाची फीत तशीच कमरेला.

मंगळवारी ऑर्गन वाजवणारे मास्तर कोटाचं बटण घेऊन आले. बटण शिवायला दोन मिनिटं लागतात, पण मास्तर स्टुलावर ऐसपैस बसले.

"कुठे चाललेत पाळक? डोंगराकडच्या मंडळीत?"

या वेळी ताई सरळ उभ्या होत्या. त्यांनी ठळकपणे नकारार्थी मान हलवली.

"मग बंदराकडे," मास्तर म्हणाले. "मला वाटलंच. तिथली जागा रिकामी आहे."

ताईंनी टाचण्या काढल्या. "मास्तर, मी काहीही बोललेले नाही."

"अगदी बरोबर. तुम्ही काहीही बोलला नाहीत," असं म्हणून मास्तरांनी एक डोळा बारीक केला, कोट घातला आणि निघाले. दोन मिनिटांत त्यांचं काम झालं होतं, बटणाचंही.

बुधवारी महिला मंडळाच्या पाच जणी पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन दुकानात शिरल्या. निरोपाची भेट म्हणून मोठा टेबलक्लॉथ करायचा, त्यावर मंडळीतल्या प्रत्येक कुटुंबाचं नाव रंगीत दोऱ्याने भरायचं, आणि तो शनिवारपर्यंत हवा. एकीने डोळे टिपले. दुसरी म्हणाली, "बंदराकडे दमट हवा असते. त्यांच्या गुडघ्यांना सोसेल का?"

ताईंनी या वेळी टाचण्या हाताजवळही ठेवल्या नव्हत्या. खोटी बातमी थांबवणं म्हणजे काही चहाडी नव्हे, असा त्यांनी सकाळीच निवाडा केला होता.

"बायांनो, ऐका. पाळक कुठेही जात नाहीयेत."

पाचही जणींनी पडद्यांकडे बघितलं.

"मग पडदे का काढले?"

ताईंनी तोंड उघडलं. उत्तर जिभेच्या टोकावर उभं होतं, मेणबत्तीसकट. ते सांगितलं की अफवा जागच्या जागी मेली असती. पण वचन मोडलं असतं, पाळकांचं हसं झालं असतं, आणि खरं सांगायचं तर ते सांगायला ताईंना इतकं आवडलं असतं, की तेवढ्यावरूनच तो मोह आहे हे ओळखता येत होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"बघा," तिसरी म्हणाली. "बिचारीला गप्प बसायला सांगितलंय."

कापडाचा तागा टेबलावर राहिला.

"तू जाऊन पाळकांनाच सांग," नवरा त्या दिवशी जेवताना म्हणाला. आठवड्यातला त्याचा हा सर्वांत लांब सल्ला होता.

गुरुवारी दुमडलेले पडदे घेऊन ताई पाळकांच्या घरी गेल्या. उघड्या खिडक्यांमुळे घर खरंच निघण्याच्या तयारीत असल्यासारखं दिसत होतं. पाळकांनी स्वतः दार उघडलं. टेबलावर पत्रं, फुलं आणि दोन केक होते. ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: टाचण्या, मुख्याध्यापिका, मास्तर, टेबलक्लॉथ. "बाईंना दिलेलं वचन मी मोडलं नाही. पण माझ्या न बोलण्यानेच एवढं झालं. उद्या बिशपांच्या कानावर गेलं, तर तुम्हालाच जाब विचारतील. तुम्ही लोकांना खरं काय ते सांगा."

पाळक कानांपर्यंत लाल झाले. त्यांनी एक खुर्ची ताईंना दिली आणि दुसरीत स्वतः बसले.

"ताई, मला मंगळवारीच कळलं होतं."

"मंगळवारी? मग तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"मास्तर आले होते. म्हणाले, पाळकसाहेब, ऐकलं ते खरं का? मी नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात ते म्हणाले, तुमच्या उपदेशाची खोली आता कुठे मिळणार? ताई, अकरा वर्षं हा माणूस माझ्या उपदेशात घड्याळ बघतोय. म्हटलं, जरा ऐकून घेऊ." पाळकांनी एक पत्र उचललं. "मग हे आलं. माझ्यामुळे घर सावरलं, असं लिहिलंय. या बाई मला रस्त्यात भेटल्या तर दुकानाच्या पाट्या वाचायला लागतात. म्हटलं, बुधवारी सांगू. बुधवारी केक आले."

"आणि कुणी सरळ विचारलं तर?"

"मी म्हणायचो, देवाची इच्छा." पाळकांनी मान खाली घातली. "खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. प्रभू येशूला रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर मोह झाला आणि तो शास्त्रातल्या वचनांवर उभा राहिला. मला पोटभर जेवणानंतर, घरबसल्या, नुसत्या कौतुकाचा मोह झाला, आणि मी वचनं पाठ असून पडलो. तुम्ही निदान टाचण्या तरी धरल्यात."

ताईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं. मग पाळकच हसले, तेव्हा त्याही मोकळेपणी हसल्या. दोघांनी मिळून पडदे अडकवले. ते वीतभर आखूड झाले होते, पण खिडकीला त्याचं काही वाटलं नाही.

"रविवारी मी सगळं सांगेन," पाळक स्टुलावरून उतरता उतरता म्हणाले. "मेणबत्तीसुद्धा. बाईंची समजूत मी घालतो."

रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. टेबलक्लॉथ काही झाला नव्हता, पण फुलांची तयारी होती आणि गायनवृंदाने निरोपाचं गाणं बसवलं होतं. पाळक पुढे आले आणि काहीही आडवळण न घेता म्हणाले, की मी कुठेही जात नाही. मग पडदा सांगितला. लोक इतके हसले, की मास्तरांचा हात पडून ऑर्गनही मधेच एकदा वाजला. मग त्यांनी मंगळवारपासूनचे आपले दिवस सांगितले, प्रत्येक पत्र आपण दोनदा वाचलं, हेसुद्धा. तेव्हा हसू हळूहळू थांबलं. पुढच्या बाकावरची एक बाई पदराने डोळे पुसू लागली. ताईंचं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही. उपदेश सहा मिनिटांत संपला आणि तो थोडा लांबला असता तरी चाललं असतं, असं बऱ्याच जणांना प्रथमच वाटलं.

सोमवारी दुपारी मुख्याध्यापिका, मास्तर आणि महिला मंडळातल्या दोघी दुकानात एकत्रच आल्या. फीत परत करायचं निमित्त होतं.

"एवढंच कळत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "की ही अफवा उठवली कुणी?"

ताईंनी कात्री खाली ठेवली. शपथेचा आठवडा कालच संपला होता. आणि आज ज्या माणसाबद्दल बोलायचं होतं, ते माणूस हजरच होतं.

"माझ्यापासून सुरू झाली," त्या म्हणाल्या. "नर्सच्या वेळी बोलून घोटाळा केला, या वेळी न बोलून केला. चूक माझीच. वाटल्यास मंडळीसमोर उभी राहून सांगेन."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही?" मास्तर म्हणाले. "तुम्ही तर तोंडातून शब्द काढला नाहीत. मी साक्षीला उभा राहीन."

"मीसुद्धा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उलट बुधवारी तुम्ही स्पष्ट सांगितलंत की ते जात नाहीत. या दोघींनी ऐकलंय."

"अहो, पण खरंच मीच."

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय, ताई. मोठं मन आहे तुमचं."

मग चौघांची नजर सावकाश फिरत फिरत दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात गेली. तिथे नवरा डोळ्याला भिंग लावून एका बारीक चाकाशी झटत होता. त्याने वर पाहिलं नाही, आणि तेच त्याला नडलं.

"फार शांत असतात नाही हे," महिला मंडळातली एक हळूच म्हणाली.

"शिवाय दिवसभर इथेच," दुसरी म्हणाली.

मास्तरांनी दोनदा मान डोलावली.

त्या संध्याकाळपर्यंत तिघं जण दुरुस्तीला घड्याळं घेऊन आले. तिन्ही घड्याळं ठणठणीत चालत होती. नवऱ्याने ती उघडली, पाहिली, बंद केली आणि परत दिली. पण कुणी उठेना. तिघांतल्या प्रत्येकाने आळीपाळीने स्टूल त्याच्या टेबलाजवळ ओढलं, खांद्यावरून मागे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग, बाकी काय नवीन?"