साडूंचा अभ्रा आणि माझी मांडी

माझं आणि माझ्या साडूंचं तसं काही वाकडं नाही. पण परवा त्यांनी स्वतःच्या हातांनी ठसे उमटवून, वर भरतकाम करून उशीचा एक अभ्रा पाठवला, आणि बायको तो गालाला लावून म्हणाली, "भाऊजींच्या हाताला काय कला आहे हो!"

माझा नुसता जळफळाट झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातांविषयी या बाईने एकच वाक्य काढलंय. "हात धुतले का?"

त्या उशीला सोफ्यावर मानाची जागा मिळाली. मी टेकायला गेलो तर म्हणाली, "तिला नका टेकू, अभ्रा चुरगळेल." म्हणजे माझ्याच सोफ्यावर मी ताठ बसायचं! तिथल्या तिथे ठरवलं, आपणही अभ्रा करायचा. साडूंना जमतं, मग मला न जमायला काय झालं? (शाळेत माझ्या आकृत्या चांगल्या यायच्या. बेडकाच्या.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर सटकलो. बायको बाजारात गेली होती. कपडे बदलायलाही थांबलो नाही. कपाटातला कोरा अभ्रा काढला, बटाटा अर्धा कापला, त्यावर कमळ कोरलं, रंगात बुडवलं आणि कापडावर दाबलं. कमळाचं कासव झालं. दुसरा बटाटा कोरला. तेही कासवच, फक्त जरा सुजलेलं. म्हटलं, हरकत नाही, भरतकामात झाकून टाकू.

अभ्रा मांडीवर पसरून साखळी टाका घालायला बसलो. आणि काय सांगू, जमायला लागलं की! सुई अधूनमधून मांडीला टोचत होती, पण कलेसाठी एवढं सोसायलाच हवं. मनातल्या मनात मी साडूंचा पडलेला चेहरासुद्धा पाहून घेतला.

तेवढ्यात बेल वाजली. उठायला गेलो, तर अभ्राही माझ्याबरोबर उठला. अभ्र्याच्या दोन्ही बाजू आणि खालची माझी ऑफिसची पँट, सगळं मी एकत्र शिवून टाकलं होतं!

मी गपकन खाली बसलो. बायकोने तिच्या किल्लीने दार उघडलं. मागे साक्षात साडू.

"भाऊजी खालीच भेटले," ती म्हणाली. "अहो, पाहुणे आलेत, उठा की जरा!"

"मला उठता येत नाही."

"का? कंबर धरली?"

"अभ्र्याने धरलंय."

साडू वाकून बघायला लागले. "वा! कासवं झकास जमलीत."

"कमळं आहेत ती," मी म्हणालो.

त्यांनी अभ्रा ओढून पाहिला. माझा टाका तसूभर हलला नाही. (कुठे पक्कं काम करावं याची काही अक्कल?) शेवटी त्यांनी कात्री मागितली. "कापायचं काय? अभ्रा की पँट?"

"अभ्रा नवा आहे," बायको म्हणाली. "पँट कापा."

मी टॉवेल गुंडाळून बसलो आणि साडूंनी माझ्या पँटच्या भोकावर ठिगळ लावलं. वर इवलंसं कमळही भरलं. हुबेहूब कमळ! इतका राग आला मला त्या कमळाचा.

आता साडूंची कला मांडीवर मिरवत मी ऑफिसला जातो. काल घरी आलो, तर बायको त्या ठिगळावरून अलगद बोट फिरवत म्हणाली, "हाताला काय कला आहे!"

मी मोठ्या आशेने माझे दोन्ही हात पुढे केले.

तिने ते नीट, उलटसुलट करून पाहिले.

"धुतले का?" ती म्हणाली.