मधुकररावांचा कष्टाळू दंड

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: मुलुंडमधली एक सोसायटी, विसर्जनाची दुपार आणि सोफ्यावर पसरलेले सेक्रेटरी मधुकरराव. करत काहीच नाहीत, तरी त्यांचा उजवा दंड आपला एकटाच टुणटुण उडतोय!

दंडावर आजीच्या मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मांडीचा स्नायू जागा करायला डॉक्टरांनी ते दिलं होतं. मशीन मज्जातंतूला विजेची टिचकी मारी, की स्नायू आखडे.

या सोसायटीत विसर्जनाआधी पंजा लढवतात. जिंकेल त्याने गणपती मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसायचं. हा मान दरवर्षी बी विंगचा भीमराज पळवायचा, आणि मधुकररावांना वर्षभर झोप लागायची नाही.

"बाबा, हात दमेल ना?" दहा वर्षांच्या स्वरदाने विचारलं.

"मी कुठे काय करतोय? हुकूम मशीन देतंय. दमलं तर मशीन दमेल! तू गप्प बस."

तेवढ्यात आरतीचं ताट मागायला भीमराज आला. "मधू, हे काय रे?"

"फुकटची ताकद! सकाळपासून लावलंय. जळ तू."

"असं? मग मलापण लाव. नाहीतर खाली सांगतो, सेक्रेटरी चीटिंग करतोय!"

मशीनला पट्ट्यांच्या दोन जोड्या होत्या. दोघे शेजारी बसले. एकाने जोर वाढवला की दुसरा त्याच्यावर वाढवी.

आता गंमत ऐका. आपला मेंदू स्नायूतल्या धाग्यांना पाळीपाळीने कामाला लावतो. मशीनला तेवढी रीतभात कुठली? ते पुन्हा पुन्हा त्याच धाग्यांना राबवतं. सोसायटीत खुर्च्या उचलायला दरवर्षी त्याच दोघांना बोलावतात ना, तसं. धागे बिचारे लवकर थकतात.

चहा आला. मधुकररावांचा कप ओठांपर्यंत पोचलाच नाही, सदऱ्यावर सांडला. भीमराजला आरतीत घंटा हलवता येईना.

"भक्तीत तल्लीन झालोय," तो म्हणाला.

पंजा सुरू झाला. टेबलावर दोन हात ओल्या टॉवेलसारखे पडून राहिले.

"लाव ना जोर!"

"तू लाव आधी!"

"अहो, टेम्पोवाला निघाला!" कोणीतरी ओरडलं.

स्वरदाने हातातला मोदक संपवला, बाही वर सारली, पंजा लावला आणि आधी भीमकाकांचा, मग बाबांचा हात अलगद आडवा केला. मग गणपती मांडीवर घेऊन ती टेम्पोत पुढे बसली आणि मागे वळून म्हणाली,

"बाबा, भीमकाका, मोरया म्हणा ना! हात वर करून!"