चवळीखाऊ कुलिबालीची सोयरीक

पासपोर्ट ही वस्तू आडनाव नसलेल्या लोकांसाठी काढलेली आहे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मला आडनाव आहे. कुलिबाली! डाकारपासून बुर्किनातल्या बोबोपर्यंत कुठल्याही नाक्यावर हे आडनाव खणखणीत आवाजात सांगितलं की आडवा बांबू आपोआप उभा राहतो. निदान तोवर राहत होता.

आमचा ट्रक डाकारहून निघायचा आणि माली, बुर्किना ओलांडत घानाच्या समुद्रावर जाऊन थांबायचा. मागे बाकांवर गोरे प्रवासी, टपावर तंबू, पोटात चूल, भांडी आणि कांद्यांची पोती. दिवस कलला की दिसेल त्या झाडाखाली तंबू ठोकायचे. मी स्वयंपाकी आणि वाटाड्या. ड्रायव्हर ओफोरी, घानाचा. जमेच्या बाजूला म्हणाल तर ओफोरी ट्रक फार उत्तम चालवायचा. दुसऱ्या बाजूला एवढंच, की माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"झुमाना," मालीच्या हद्दीवरच्या किदिराच्या नाक्याआधी तो म्हणाला, "कागद वर काढून ठेव."

"कागद कशाला? तू नुसता हॉर्न वाजव!"

नाक्यावरचा शिपाई डुलत डुलत आला. छातीवर नाव होतं केता. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो.

"काय रे ए केता! माझ्या आजोबांचा गडी तू, तुला खुर्चीवर बसायला कुणी सांगितलं?"

"अरे, कुलिबाली वाटतं! वास आलाच मला. सकाळी किती चवळी खाल्लीस? ट्रक डिझेलवर चालतोय की तुझ्यावर?"

"चवळी तू खातोस! तुझा बाप खायचा!"

"उतर खाली, चवळीच्या पोत्या!"

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे आडनावांची आपसांत थट्टेची नाती आहेत. केता, कोने, त्राओरे ही सगळी आम्हा कुलिबालींची थट्टेतली भावंडं. भेटलं की एकमेकांचा यथेच्छ उद्धार करायचा. त्यांना आपला गडी म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं. चवळी खाल्ल्यावर माणसाचं काय होतं हे मी सांगत बसत नाही. आणि राग? राग आला तर तोंड काळं झालं समजा.

केता हसत हसत बांबू वर करणार, एवढ्यात ट्रकच्या मागून विल्मा बाई उतरल्या.

विल्मा बाई हॉलंडच्या. शाळेत आयुष्यभर फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या. उंची जेमतेम, पण बोट उगारलं की वर्ग गप्प व्हावा अशी जरब! त्या थेट केतासमोर उभ्या राहिल्या.

"लाज नाही वाटत? गणवेश घालून एका गरीब स्वयंपाक्याचा अपमान करता? माफी मागा त्याची!"

केता भांबावला. तो माझ्याकडे पाहायला लागला, मी ओफोरीकडे, आणि ओफोरी आकाशाकडे.

"बाईसाहेब," केता चाचरत म्हणाला, "तो माझा भाऊ आहे."

"भावाशी असं बोलतात?"

"मग काय परक्याशी बोलायचं?"

तंबू लागल्यावर मला सगळ्यांना हे नातं समजावून सांगावं लागलं. मंडळी इतकी खूश झाली, की त्यांना हत्ती दिसला असता तरी एवढा आनंद झाला नसता. आम्हालाही आडनावं द्या म्हणून गलका! मीही उदार झालो. कांदे वाटावेत तशी आडनावं वाटली. लाल दाढीवाल्या उंच लार्सला दिआरा केलं, तेही त्राओरेंचे थट्टेतले भाऊच. विल्मा बाईंना माझं स्वतःचं आडनाव दिलं. "आजपासून तुम्ही कुलिबाली. माझ्या आईच्या जागी," असं म्हणून मी त्यांच्या ताटात जास्तीचा भात वाढला.

"आणि नियम काय?" बाईंनी विचारलं. शिक्षिका ना!

"नियम एकच. समोर कोने किंवा केता आला की तोंड सोडायचं. जो गप्प बसला, त्यानं समोरच्याला आपलं मानलं नाही असा अर्थ होतो. जितकी शिवी मोठी, तितका मान मोठा!"

हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो होतो. ते पुढे माझ्याच डोक्यात धोंडा बनून पडणार होतं.

पुढचा प्रवास म्हणजे जत्रा झाली. बामाकोच्या नाक्यावर लार्स एका त्राओरे अधिकाऱ्याला म्हणाला, "ऊठ, ती खुर्ची माझी आहे!" आणि त्या अधिकाऱ्यानं हसून खुर्ची दिली. लार्स खुर्चीत बसून चहा प्यायला, शिक्का त्यानंच मारला. मात्र पुढच्या बाजारात त्यानं एका टोपीवाल्या गृहस्थांनाही "माझा गडी" म्हटलं. ते निघाले टोगोचे गुरांचे डॉक्टर, कुणाचेच थट्टेतले भाऊ नव्हेत! त्यांची समजूत घालण्यात आमची निम्मी साखर संपली.

"आडनावं वाटलीस, आता ब्रेक कुठून लावणार?" ओफोरी म्हणाला.

"तू गाडीचा ब्रेक बघ!"

विल्मा बाई मात्र विलक्षण निघाल्या. तोंडाळपणात त्यांनी आम्हा जन्मजात कुलिबालींना मागे टाकलं. शिव्या त्या आदल्या दिवशी तयार करायच्या, पाठ करायच्या आणि व्याकरणशुद्ध फ्रेंचमध्ये द्यायच्या. एका म्हाताऱ्या कोनेला त्या म्हणाल्या, "तुझ्या घराण्यात चवळी संपली की शोकसभा भरते!" म्हाताऱ्यानं हसता हसता भिंत धरली.

आता माझी खरी काळजी सांगतो. पुढे वाटेवरच्या सिकासोला माझं लग्न ठरायचं होतं.

मुलगी आसेतू. बामाकोला आत्याकडे राहून शिवणकाम शिकली. तिथंच आमची ओळख झाली. मला ती हवी होती, तिला मी चालत होतो. माझ्या फातोगोमा काकांनी मागणीची कोलाची फळं सिकासोला तिच्या घरी पोचवली होती. पण तिच्या वडिलांनी निरोप पाठवला, "मुलगा बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. ट्रक सिकासोला आला की मी स्वतः येतो."

वडिलांचं नाव बुरामा कोने. जंगलखात्यात आयुष्य काढलेले. त्यांना बघून चोरटे लाकूडतोडे झाडावरच बसून राहायचे म्हणे. आणि आडनाव कोने असलं म्हणून काय झालं? सासऱ्याशी थट्टा करत नाहीत! सासरा दिसला की जावयानं मान खाली घालायची, डोळे जमिनीवर ठेवायचे आणि काकांनी बोलायचं. कोने हे नातं दाराबाहेर, सासरा हे नातं दाराच्या आत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इतकं ठाऊक असतं, की ते कुणाला सांगायला लागतं हेच माझ्या ध्यानात आलं नाही!

सिकासोच्या बाहेर आंब्यांखाली तंबू लागले. फातोगोमा काकाही येऊन पोचले. मी ट्रक धुतला. दोऱ्या सरळ केल्या. ओफोरीला शर्टाची बटणं लावायला लावली. "माझे सासरे येताहेत," मी सगळ्यांना सांगितलं. "माझं लग्न त्यांच्या 'हो'वर अवलंबून आहे."

"आपण लावू हो तुझं लग्न!" विल्मा बाई म्हणाल्या. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

बुरामा कोने आले. काठीसारखे ताठ, हातात तशीच काठी. पाठीमागे त्यांची बहीण, डोक्यावर रुमालानं झाकलेला भला मोठा वाडगा. ते बसले. काका बसले. मी चटईच्या कडेला बसलो आणि मान अशी खाली घातली, की मला फक्त माझीच बोटं दिसत होती.

काकांनी घसा खाकरला. "कोने घराण्याचा मान मोठा..."

"कोने?" विल्मा बाईंचा आवाज आला. "हे कोने आहेत?"

नंतर मला कळलं, की बाईंनी माझ्याकडे पाहिलं होतं. त्यांना वाटलं पोरगा घाबरला! समोर कोने बसलाय आणि हा गप्प! म्हणजे सासऱ्याला आपलं मानत नाही असा अर्थ होणार, लग्न मोडणार! आईच्या जागी असलेल्या बाईनं काय करावं?

बाई उठल्या. बोट उगारलं.

"ए म्हाताऱ्या कोने! आमच्या घरचा गडी तू, चटईवर कसा बसलास? आणि ही काठी कशाला? चवळी ढवळायला? तुझं पोट बघ! एका पोत्याला दोन पाय फुटलेत!"

आंब्यावरचे कावळेसुद्धा फडफडत उडाले.

काकांच्या हातातलं कोलाफळ खाली पडलं. माझ्या बोटांकडे बघता बघता मला माझं सगळं उरलेलं आयुष्य दिसलं. चूल, ट्रक, ओफोरी. पुन्हा चूल, ट्रक, ओफोरी.

"ही बाई कोण?" बुरामा कोने अगदी हळू म्हणाले.

"मी विल्मा कुलिबाली! याची आई!"

"काका," मी दातांतल्या दातांत म्हणालो, "सांगा काहीतरी."

"काय सांगू? तुझी आई मी दोन वर्षांपूर्वी गावी पाहिली होती. इतकी गोरी नव्हती!"

कोने काठीवर जोर देऊन उठायला लागले. तेव्हा त्यांची बहीण म्हणाली, "दादा, आसेतूनं पहाटेपासून खपून जेवण केलंय. निदान मुलाला वाढून तरी जाऊ या. अन्न परत नेऊ नये."

ते थांबले. अन्न म्हणजे अन्न. बहिणीनं वाडगा माझ्यापुढे ठेवला आणि रुमाल काढला.

चवळी!

काठोकाठ चवळी, वर पामतेल, बाजूला तळलेला कांदा. आसेतूचा खोडसाळपणा! होणाऱ्या कुलिबाली नवऱ्याला कोनेच्या मुलीनं पाठवलेला पहिला निरोप!

बुरामा कोनेंनीही ते आत्ताच पाहिलं असावं. त्यांच्या मिशा एकदा हलल्या. पण मुलीच्या हातच्या जेवणाला सासरा नावं कशी ठेवणार? ते पुन्हा बसले.

"जेवा," ते म्हणाले.

आता माझी अवस्था बघा! खाल्लं, तर डाकारपासून इथवर सगळ्या नाक्यांवर नाकारलेला आरोप सासऱ्यासमोर शाबीत होतो. नाही खाल्लं, तर सासरच्या अन्नाला लाथ मारली असं होतं आणि आसेतू जाते.

"खाऊ नकोस!" विल्मा बाई कुजबुजल्या. "आपल्या घराण्याची अब्रू!"

"खा रे," ओफोरी कुजबुजला. "मला भूक लागलीय, तू सुरुवात केल्याशिवाय मला मिळणार नाही."

मी हात धुतले. मान खाली ठेवूनच एक घास घेतला.

आणि काय सांगू तुम्हाला! कांद्याचा खमंगपणा, तेलाची धार, मिरचीचा नेमका चटका... दुसरा घास कधी गेला कळलं नाही. तिसरा, चौथा. कुणीतरी पुढे पाणी सरकवलं. मी पाणी बाजूला ठेवलं, जागा वाया जाते.

"आणखी?" सासऱ्यांनी विचारलं.

सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी मान डोलावली. वाडगा संपला. मी तळ बोटानं पुसला. मग बोट चाटलं. तेव्हा कुठं मला आठवलं की लोक बसलेत.

आधी काठी खाली पडल्याचा आवाज आला. मग असा हसण्याचा गडगडाट, की लार्स तंबूतून धावत बाहेर आला. बुरामा कोने डोळे पुसत होते.

"आयुष्यभर कुलिबालींना चवळीखाऊ म्हणत आलो," ते म्हणाले, "आणि प्रत्येक कुलिबाली खोटं बोलला! तोंडावर कबूल करणारा हा पहिलाच. दिली मुलगी!" मग विल्मा बाईंकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या मुलाला बोलायला नातं आडवं येतं. तुम्ही बसा. आता माझी पाळी!"

अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांचा उद्धार करत होती. काकांनी खाली पडलेलं कोलाफळ धुऊन पुन्हा दिलं. ओफोरी रिकाम्या वाडग्याकडे बघत बसला होता.

लग्न झालं. आसेतू अजून म्हणते, "मी तर नुसती थट्टा केली होती. तू वाडगाच संपवलास!"

आडनावाचं म्हणाल, तर ते तिथंच बुडालं. आमचा ट्रक सावकाश चालतो, बातमी त्याहून जोरात. सोयरीक ठरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बुर्किनाच्या हद्दीवरच्या कोलोकोच्या नाक्यावर पोचलो. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो, छाती फुगवली, "काय रे ए..."

शिपाई त्राओरे होता. त्यानं बांबू वर केलाच नाही. आत गेला आणि झाकलेला वाडगा घेऊन आला.

"कागद राहू देत कुलिबाली. आधी हे."

तेव्हापासून प्रत्येक नाक्यावर असंच चाललंय. ओफोरी आता कागद वर काढतच नाही, चमचा काढून ठेवतो.

त्या त्राओरेच्या चवळीत मीठ जरा कमी होतं. तरी मी वाडगा रिकामा करूनच परत दिला. नाही म्हटलं तर माणूस उगाच दुखावतो!