एका लॉटचे रिमोट

तुम्हाला म्हणून सांगतो, हॉस्पिटलचा रिमोटवाला पलंग माझ्याइतका झकास अख्ख्या सातारा-सांगलीत कुणी बनवत नाही! उंब्रजला हायवेलगत माझं वर्कशॉप आहे. आता गिऱ्हाईक नसल्यानं तयार पलंगांवर कामगारच दुपारची झोप काढायचे, ही गोष्ट वेगळी. मार्चपर्यंत एखादी ऑर्डर आली नाही तर कुलूप लावायचं, हे मी बायको सोडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अशा वेळी पाठीशी उभी राहिली ती आमची संघटना! वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या आम्हा छोट्या कारखानदारांची. खरं तर संघटना म्हणजे सचिव शरयूताई. लायसन्स अडलं, धावा शरयूताईंकडे. पलंगाची चाचणी कुठं करायची, विचारा शरयूताईंना. सगळ्यांचे सुटे भाग, अगदी रिमोटसुद्धा, एकदम मागवून भाव पाडून घ्यायचा, तोही त्यांनीच. यंदा तर त्यांनी सांगलीत हॉल घेऊन प्रदर्शनच भरवलं, आणि एका बड्या हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"वीरधवल, बाईंना नव्या इमारतीसाठी पलंग हवेतच," ताई फोनवर म्हणाल्या. "पण रिकामा पलंग दाखवू नका. माणूस झोपवा त्यावर!"

मी माझ्या लालासाहेबमामांना औंधहून उचललं. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. देह असा, की वजनकाट्यानं सलाम ठोकावा!

"मला काय करायचं हाय रं?"

"काही नाही मामा. नुसतं पडून राहायचं."

"आरं, त्ये तर मी घरीबी करतुया!"

बाई आल्या. मी बटण दाबलं. मामांचं डोकं डोंगराआडून सूर्य यावा तसं अलगद वर आलं.

"छान. आवाज अजिबात नाही," बाई म्हणाल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तेवढ्यात मामांचे पायही वर यायला लागले!

"वीर्या, पाय कशापायी उचलतुयास?"

"मी हातसुद्धा लावला नाही मामा!"

मी घाईनं 'खाली' दाबलं. मामा खाली गेले, आणि शेजारच्या स्टॉलवरून किंकाळी आली. तिथं आमच्याच संघटनेतल्या शौनकची दातांच्या दवाखान्याची खुर्ची एका पाहुण्याला घेऊन आडवी झाली होती. शौनकनं त्याला उठवायला बटण दाबलं, तर इकडं माझे मामा दोन्ही बाजूंनी मिटायला लागले!

"हे घडीचं मॉडेल आहे का?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"हो... हो बाई! जागा वाचते!"

"जागा वाचंल रं, पर मी वाचतुय का बघ!" मामा गुडघ्यांच्या मधून ओरडले.

शौनक 'वर' दाबतोय, मी 'खाली' दाबतोय, समोरचं ऑपरेशनचं टेबल आपलं आपणच डोलतंय! शरयूताई धावत आल्या. माझा रिमोट बघितला, शौनकचा बघितला, आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, सगळे रिमोट एकाच लॉटचे, एकाच कोडचे आहेत! कोड आपापला बदलून घ्या, असं ग्रुपवर टाकलं होतं ना मी?"

आता संघटनेच्या ग्रुपवर सकाळपासून गुलाबाची फुलं आणि सुविचार इतके येतात, की त्यांच्याखाली कोड कुणाला दिसणार?

मी वैतागून प्लगच उपटला. पलंग थांबला. पण मामांची घडी तशीच राहिली! चौघांनी ओढून काढलं तेव्हा ते उभे राहिले, पण काटकोनात. कंबर धरली होती. बाईंनी स्वतःच्याच गाडीतून त्यांना आपल्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

संध्याकाळी मी तोंड पाडून तिथं पोचलो. मामा साध्या लोखंडी पलंगावर होते. सिस्टरनं खालचं हँडल गर्रकन फिरवलं, मामा आरामात टेकून बसले. तेवढ्यात बाई आल्या. मी हात जोडले, "बाई, माझ्या पलंगाचं..."

"डॉक्टरीणबाई," मामा मध्येच म्हणाले, "ह्यो हँडलवाला लय झ्याक हाय! नव्या इमारतीतबी असलंच घ्या!"

"ते मी दुपारीच ठरवलं," बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. तोच शरयूताईंचा फोन.

"वीरधवल, आनंदाची बातमी! बाईंनी हँडलवाल्या पलंगांची सगळी ऑर्डर आपल्याच दुसऱ्या एका सभासदाला दिली! संघटनेचं केवढं यश आहे हो!"

"अभिनंदन," मी म्हणालो. काय करता? मीही सभासदच की!